ब्याण्णव दिवसांची टाकी

आमच्या गल्लीत कुणाची गॅसची टाकी संपली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "किती दिवस गेली?" कुणी पंचेचाळीस सांगतं, कुणी पन्नास. आमची ऐंशी दिवस जायची. घरात माणसं दोनच, मी आणि सुलाबाई, हे मान्य. पण गल्लीत दोन माणसांची आणखी चार घरं आहेत, आणि त्यांच्या टाक्या साठाच्या पुढं कधी सरकल्या नाहीत.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी चौतीस वर्षं काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या तोलायचो. तिथं मला कुणी कधी काही विचारलं नाही, काटा काय म्हणतो तेवढं विचारायचे. निवृत्त झालो आणि माणसं माझ्या दारात यायला लागली. "दत्तराव, ऐंशी दिवस कसे काय जमवता?" मग मी सांगायचो. डाळ आधी दोन तास भिजवा. कुकरात तीन भांडी एकदम लावा. शेवटची भाकरी झाली की गॅस बंद, आणि तापल्या तव्यावर शेंगदाणे भाजून घ्या. तोवर सुलाबाई चहा आणायची. माणूस अर्धा कप चहा पिऊन शहाणा होऊन जायचा.

बारा वर्षं अशी मानानं गेली. मग शेजारी आप्पाराव राहायला आले.

पेडगावचे. शेती मुलाच्या हवाली करून नवरा-बायको सेलूत आले. चार महिने मी त्यांच्यात काही खोट सापडते का ते बघितलं. सापडली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

डिसेंबरात एका मंगळवारी टाकीवाला आला. दोन टाक्या उतरवल्या, एक माझी, एक त्यांची.

"काका," तो म्हणाला, "तुमचा पयला नंबर गेला बरं का. आप्पारावांची मागची टाकी ब्याण्णव दिवस गेली."

"ब्याण्णव? नीट बघ की."

"बघूनच सांगायलोय. मोबाइलात हाय ना सगळं."

त्या दुपारी मला घास गिळवेना. मी जळत होतो. आणि हे जळणं असं, की त्याला टाकी लागत नाही, रेग्युलेटर लागत नाही, दिवसभर मोठ्या आचेवर फुकट चालतं.

"आवो, जेवा की," सुलाबाई म्हणाली. "ब्याण्णव त्यांचे असतील, भाकर तर आपली हाय."

आधी मी सरळ मार्गानं गेलो. भिंतीवरून आप्पारावांना विचारलं, "अंघोळीचं पाणी कशावर तापवता तुमी?"

"उन्हावर. ते काळं पिंप हाय ना वर. पेडगावात लय ऊन, इकडं जरा कमीच पडायलंय."

म्हणजे ऊनसुद्धा त्यांनी आमच्यापेक्षा जास्त बघितलेलं.

"आणि चहा?"

"सकाळी एकदाच करायचा. थर्मासात भरून ठेवला की आमा दोघाला दिवसभर पुरतो."

थर्मास मला बारा वर्षांत सुचला नव्हता. हे मी सुलाबाईला अजून सांगितलेलं नाही.

"पाहुणेरावळे येत असतील की," मी म्हणालो.

"कोण येतंय दत्तराव? नवी जागा. कुणाला मालूम हाय आमी कोण ते." हे बोलताना ते जरा पडल्या आवाजात बोलले, पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मला हिशेब लागला होता. त्यांच्याकडं कुणी येत नव्हतं, म्हणून ब्याण्णव. माझ्याकडं रोज सहाजण शहाणे व्हायला येत होते, म्हणून ऐंशी. मी घरात आलो, हात धुतले आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पंडितराव आले. एसटीत कंडक्टर होते. बसायच्या आधीच मी विचारलं, "पंडितराव, आप्पारावाकडला चहा घेतलाव का?"

"न्हाई बा."

"मग काय घेतलंव जन्मात! दैवशालावहिनी आलं घालतेत त्याच्यात. जाऊन तर बघा."

पंडितराव गेले ते दीड तासानं बाहेर पडले. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाले, "आलं न्हवतं, दत्तराव. पण तुमी सांगितलंव म्हणल्यावर वहिनी लाजल्या, आणि दुसऱ्या कपात घातलं."

दुसऱ्या कपात! मी मनातल्या मनात थर्मास पालथा झालेला बघितला.

मग बचत गटाची रेणुका आली. महिन्याच्या बैठकीत बायकांना गॅस वाचवायच्या युक्त्या सांगा म्हणाली. दरवर्षी मीच सांगतो.

"मी कोण?" मी म्हणालो. "माझे ऐंशी. तिकडं ब्याण्णव दिवसांचा माणूस बसलाय. बैठक तिथंच घे. किती बायका हायेत?"

"बावीस."

"सगळ्यांना ने. एकही मागं ठेवू नको."

"काका, मन लय मोठं हाय तुमचं."

"हाय थोडं," मी म्हणालो.

त्यानंतर जो आला त्याला मी शेजारी पाठवला. भिंतीला खुर्ची लावून बसायचो. पलीकडं लायटर टक् वाजला की जिवाला थंडावा मिळायचा. एका रविवारी मी सतरा टक् मोजले. त्यांची टाकी एक्केचाळीस दिवसांत संपली. टाकीवाल्यानं ही बातमी दिली तेव्हा मी त्याला पाणी विचारलं, जे मी सहसा विचारत नाही.

माझी टाकी मात्र चालली होती. साठ झाले, सत्तर झाले, ऐंशी मागं पडले. मी टाकी हलवून बघायचो. काट्यावरचा माणूस, आत किती उरलाय ते हाताला कळतं.

या धांदलीत एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. दहा वाजायचे आणि माझ्या दारात कुणीच नसायचं. पंडितराव दारावरून जाताना नुसता हात करायचे. गल्लीत कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं आधी आप्पारावांना कळायचं. जयंतीच्या तयारीची बैठक बारा वर्षं आमच्या दारात भरत आली, ती यंदा त्यांच्या ओट्यावर भरली, आणि मला बैठकीचा निरोप आला तो दैवशालावहिनींकडून.

मार्चच्या एका दुपारी मी सुलाबाईला हाक मारली. उत्तर नाही. मग भिंतीपलीकडून एक बाई खदखदून हसली. सुलाबाईचं हसणं मी ओळखतो, पण बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, म्हणून जरा वेळ लागला.

आली तेव्हा विचारलं, "काय एवढं हसायलीस?"

"काही न्हाई. आप्पाराव बैलाची गोष्ट सांगायले होते."

"मला सांग की."

"तुमाला सांगून मजा न्हाई येणार," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

टाकी संपली ती एकशे दुसऱ्या दिवशी. ज्योत पिवळी झाली, लपलपली आणि गेली. एकशे दोन! सेलूत कुणी ऐकला नसेल असा आकडा. मी सांगायला बाहेर धावलो. गल्लीत एक कुत्रं होतं. बाकी सगळी गल्ली आप्पारावांच्या ओट्यावर होती, आणि मधोमध भरला कप घेऊन सुलाबाई.

"एकशे दोन!" मी दारातूनच ओरडलो.

"ताप?" पंडितरावांनी विचारलं.

"टाकी! टाकी गेली एकशे दोन दिवस!"

"अस्सं," पंडितराव म्हणाले. "बसा की. हं आप्पाराव, मग बैल काय म्हणला?"

आप्पारावांनी मात्र गोष्ट थांबवली. "वा दत्तराव! कमाल हाय तुमची. आमची मागली तर कवाच संपली. पस्तीस दिवस. काय करता, माणसं येतेत. उरतंय कुठं?"

पस्तीस. मी ऐंशी ज्या आवाजात सांगायचो, अगदी त्याच आवाजात. माझं जळणं पुन्हा मोठ्या आचेवर गेलं. गेले तीन महिने मी त्यांची टाकी संपवत होतो, आणि त्यांना ती संपल्याचा असा दिमाख!

"तुमची संपली म्हणजे आता सैपाक बंद," दैवशालावहिनी म्हणाल्या. "नवी येईस्तोवर दोघंबी इथंच जेवा, भाऊ."

"नको नको," मी म्हणालो.

"जेवतो," सुलाबाई म्हणाली.

टाकीला नंबर लावला, पण ती आली चौथ्या दिवशी. तोवर दोन्ही वेळा मी शेजारी जेवलो. एरवी माझा आहार दोन भाकरी. तिथं मी चार खाल्ल्या, वर वरण पुन्हा गरम करून मागितलं. हेतू एकच, त्यांची टाकी तिशीच्या आत यावी.

आप्पाराव माझ्या ताटाकडं बघत राहिले. मग डोळे पुसून बायकोला म्हणाले, "बघ, दत्तरावाला आपल्या घरचं किती गोड लागायलंय."

हे त्यांनी गल्लीभर सांगितलं.