शंखातला पहारेकरी

सकाळी आठला कालवं सोलायच्या शेडपासून निघालेली रांग बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून पार धक्क्यापर्यंत पोचली होती. रांगेच्या तोंडाशी टेबल, टेबलावर काचेची टाकी, टाकीवर काळं कापड, आणि कापडामागे शंखमहाराज.

महाराजांनी कापड उचललं. टाकीतल्या खाऱ्या पाण्यात दोन मुठींएवढा शंख दार लावून बसला होता. त्याच्या शेजारी आदल्या संध्याकाळी ठेवलेली तीन कालवं. दोन सताड उघडी, आत मांसाचा कण नाही. तिसरं मिटलेलंच. सुरी नाही, हात नाही, टाकीला कुलूप. रांगेतून ‘अहाहा’ निघालं आणि मागे मागे बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेलं.

“दाराआडून स्वीकारलं,” महाराज म्हणाले. “आणि हे तिसरं ज्यांचं, त्यांनी श्रद्धा जरा वाढवावी.”

देवाचं पोट भरलं असेल ही शंका कुणालाच आली नाही. तिसऱ्याचा मालक मान खाली घालून घरी गेला.

गेल्या वर्षापासून खाडीतली कालवं मरत होती. टोपली वर ओढावी तर निम्मे शिंपले रिकामे. महाराजांनी निदान केलं, दर्याचा कोप. उपाय, कालवांच्या टोपल्या ठेवलेल्या प्रत्येक वाफ्यात एक जिवंत शंख पहाऱ्याला बसवायचा. निम्म्या खाडीनं बसवले. बसवल्यावर नुकसान वाढलं, तेव्हा महाराजांनी आणखी दोन दोन बसवायला सांगितले.

शेडची मुकादमीण आक्का हे सगळं बघत होती आणि गप्प होती, कारण तिच्याच सुनेनं पाच शंख सांगून ठेवले होते. सुनेचा बाळवाफा होता. नखाएवढी पिल्लं तिनं वर्षभर जपून अंगठ्याएवढी केली होती. घरात उरलेलं बियाणं तेवढंच. ते गेलं की मुलगा आणि सून दोघंही शहरातल्या डबे भरायच्या कारखान्यात जाणार, हे ठरलेलं होतं. आणि उद्याच्या ओहोटीला सून वाफ्यात शंख सोडणार होती.

त्या सकाळी देवानं स्वीकारलेल्या दोन कालवांतलं एक सुनेचं होतं. तिनं तो शिंपला घरी आणून ओट्यावर ठेवला, परीक्षेचा निकाल ठेवावा तसा.

आक्कानं तो खिडकीपाशी नेला. तीस वर्षं ती सोललेले शिंपले तपासत आली होती. कडेवरची खूण बघून कुठल्या बाईनं कालव उघडलं ते सांगायची. डावखुरीची खूण वेगळी, घाईवालीची वेगळी, नवऱ्याशी भांडून आलेलीची तर लांबूनच ओळखू यायची. या शिंपल्यावर खूणच नव्हती. होता तो चिकट, बुळबुळीत थर.

“देवाला सुरी लागत नाही, आई,” सून म्हणाली.

“नाही लागत. पण लाळ गळते वाटतं.”

सून फणकारून आत गेली. आक्का दुपारच्या ओहोटीला शेजाऱ्यांच्या वाफ्यात उतरली आणि पहाऱ्याच्या शंखाजवळचे रिकामे शिंपले वेचू लागली. खेकड्यानं फोडलेले असते तर कडा तुटल्या असत्या. हे अख्खे होते, जोड शाबूत, खूण नाही, आणि तोच बुळबुळीत थर. हात एकाचाच होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटी उशिरा होती. आदल्या संध्याकाळी महाराज बाहेरगावी होते, त्यामुळे देव उपाशी. आक्कानं सकाळीच आपलं कालव टाकीत ठेवायला दिलं, सुनेला शेजारी उभं केलं आणि जेवणाच्या भोंग्याला कापडाला हात घातला.

“थांबा,” महाराज ओरडले. “देव उघड्यावर जेवत नाही.”

“मी रोज चाळीस बायकांत जेवते,” आक्का म्हणाली आणि कापड ओढलं.

शंखाचं दार बाजूला सरलं होतं. आतून तळहाताएवढं ठिपकेदार मांस बाहेर आलं होतं आणि त्यानं कालवाला घट्ट मिठी मारली होती. पुढं दोन शिंगं हलत होती.

“ही तर गोगलगाय,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

महाराज सावरले. देवानं गोगलगाईचं रूप घेतलं आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

“घेऊ दे की,” आक्का म्हणाली. “पण या रूपात देव खातो काय? कालवं. आणि तुम्ही त्याला बसवता कुठं?”

रांगेतला एक जाळीवाला डोकं खाजवत म्हणाला की असले शंख खोल पाण्यात जाळ्यात येतात, आम्ही फेकून देतो, आणि महाराज रोज ते उचलून नेतात. मला वाटायचं कालवणाला नेतात. हशा पिकला. तो थांबेपर्यंत महाराज टाकी सोडून सटकले होते.

आक्कानं सगळ्यांना पुढं बोलावून दाखवलं, राहिलेलं जाळीवाल्यानं सांगितलं. ही समुद्रातली शिकारी गोगलगाय. अंधारात बाहेर पडते, कालवाला पायानं आवळते, चिकट रस सोडून गुंगवते. कालवाची ताकद संपली की शिंपला आपोआप उघडतो. दार लावून बसलेला शंख देव नसतो, जेवून झोपलेला असतो. बाहेरून आलेल्या गोगलगाईंनी आधीच कालवं संपवत आणली होती. वर आपण चोरालाच टोपलीत बसवून दिलं.

सुनेचे डोळे भरले होते. “काल खिडकीपाशीच तुम्हाला कळलं होतं. मला सांगितलं का नाहीत?”

“शंका आली होती, कळलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तू महाराजांचं सोडून माझं ऐकलं असतंस, एवढंच. उद्या मी चुकले तर? कुणाचंच नुसतं ऐकू नकोस, बाई. शिंपला हातात घे, उलटा करून बघ, आणि खाल्लं कुणी ते विचार.”

सुनेनं पदर खोचला. ओहोटी लागली तशी ती बाळवाफ्यात उतरली, रिकाम्या हातानं, आणि एकेक टोपली उचलून खाली चाचपू लागली. तिसऱ्या टोपलीखाली एक लहानसा शंख सापडला. तिनं तो पाण्याबाहेर धरला, त्याचं दार नखानं टोकरून पाहिलं, आणि बादलीत टाकून चौथ्या टोपलीकडे वळली. मागोमाग अख्खी खाडी कमरेत वाकली.