अंकितला सांगायचं नाही

“अंकितले सांगाचं नाई,” सदाशिवराव म्हणाले.

कौशल्याबाई गेल्याचं कळून अजून तासही झाला नव्हता. सकाळी सहाला त्यांना चहा लागायचा. मंजुषा सासूचा कप घेऊन खोलीत गेली, तर त्या भिंतीकडे तोंड करून गार पडल्या होत्या. आता त्यांना ओसरीवर निजवलं होतं. शेजारच्या शोभाबाई उशाशी दिवा लावत होत्या आणि अंगणात सिंदी गावातली दहा-बारा माणसं जमली होती. सदाशिवराव खुर्चीत बसले होते. वय ऐंशी, पण आवाज अजून पंचायतीत बोलल्यासारखा.

“नातू तिकडं जम्मूकडं हाये. गोळ्या चालून राह्यल्या. त्याचं ध्यान हललं तं भलतंच होईन. तेरवी झाल्यावर सांगू.” मग ते सुनेकडे वळले. “त्याचा फोन आला तं आजी झोपली हाये म्हणून सांगजो.”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. “बरोबर हाये काकाजी,” शेजारचे बंडूजी म्हणाले. “फौजीच्या घरचे असेच पायजे.”

अंगणाच्या कोपऱ्यात कैलास आईच्या तिरडीचा बांबू तोडत होता. त्याचा कोयता क्षणभर वरच थांबला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तो पुन्हा तोडू लागला.

कैलासला ओळखणारा कोणीही सांगेल की हा माणूस चिडत नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तो गावातल्याच एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसायचा. लिंक नाही म्हणून खवळलेले व्यापारी आधी त्याच्यावरच ओरडायचे. तो ऐकून घ्यायचा आणि खुर्ची पुढे करायचा. लोक म्हणायचे, कैलासभाऊ म्हणजे देवमाणूस.

घरातली शांतता वेगळी होती. तो रागावला की बोलणं बंद व्हायचं. चार दिवस, आठ दिवस. एकदा तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचा, जेवून विसळून ठेवायचा. मंजुषा पाहुण्यांना सांगायची की त्यांना बोलायची सवयच कमी आहे. हे कधी सुरू झालं ते तिला नेमकं माहीत होतं. त्याबद्दल मात्र दोघं सव्वीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कैलास पंचवीस वर्षांचा होता आणि कारगिलच्या बाजूला होता. घरी नऊ महिन्यांची मुलगी होती, रक्षा. तिला त्याने एकदाच पाहिलं होतं, बारशाला. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं, दिपालीचं लग्न होतं, पण लढाई पेटली आणि सुट्टी रद्द झाली. जून ते ऑगस्टमध्ये मंजुषाची तीन पत्रं आली. निळी आंतरदेशीय पत्रं, गोल अक्षर. रक्षाला एक दात आला. रक्षा भिंत धरून उभी राहते. रक्षा तुमच्या फोटोला ‘बा’ म्हणते. ती पत्रं तो सदऱ्याच्या आत ठेवायचा. खंदकातल्या एका बिहारी सोबत्याने उभं राहण्याची गोष्ट त्याच्याकडून दोनदा हिंदीत सांगून घेतली होती.

ऑगस्टच्या शेवटी तो घरी आला. येताना नागपूरला उतरून वर्षाच्या पोरीला होईल असा फ्रॉक घेतला होता. दारातच सदाशिवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पोरगी मे महिन्यातच गेली. ताप आला, एका दिवसात सगळं झालं, काही करता आलं नाही.

“तुह्यं ध्यान राह्यलं पायजे म्हणून कळवलं नाई,” ते म्हणाले. “मीच सूनबाईले तसं लिवाले लावलं.”

मंजुषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कैलासने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग फ्रॉकची पिशवी खुंटीला अडकवली आणि तो हातपाय धुवायला मागे गेला. तो रडला नाही, ओरडला नाही. पोरगं काळजाचं घट्ट आहे, असं सदाशिवराव गावभर सांगत राहिले.

बापाचं त्याला समजत होतं. बाप तसाच होता. पण अक्षर तिचं होतं. पोरगी मातीत गेल्यावर तिने दात लिहिला होता, उभं राहणं लिहिलं होतं. हे त्याच्या आत बसलं ते बसलंच.

सुट्टी संपवून तो परत गेला. लढाई थांबली होती, पण सीमेवर अधूनमधून गोळीबार चालायचा. त्या हिवाळ्यात एका दुपारी ‘बस’ असा हुकूम आल्यावरही कैलासची बंदूक थांबली नाही. शेवटी सोबत्याने दंडाला धरून त्याला मागे ओढलं. समोरच्या टेकडीवर कोण होतं, त्याचं काय झालं, हे त्याला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की गोळ्या झाडताना त्याच्या डोळ्यांपुढे टेकडी नव्हतीच. सिंदीच्या घराचं दार होतं, खांद्यावरचा बापाचा हात होता आणि निळ्या कागदावरचं गोल अक्षर होतं. संध्याकाळी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याला शेर म्हणाले. तो मात्र त्या दिवसापासून स्वतःला घाबरू लागला, आणि घरी आला की तोंड मिटून घेऊ लागला. दोन वर्षांनी अंकित झाला, मोठा झाला, बापासारखाच फौजेत गेला. तरी ते मिटलेलं तोंड तसंच राहिलं.

दुपारी कौशल्याबाईंना अग्नी देऊन माणसं परतली. दिपाली अमरावतीहून वेळेवर पोचली होती. रडून थकून आतल्या खोलीत झोपली. ओसरीवर सदाशिवराव, कैलास आणि मंजुषा असे तिघंच उरले. महिनाभर सदाशिवराव टीव्हीवर सीमेच्या बातम्या पाहत ‘एकदाचं मिटवून टाका तेईले’ असं म्हणत होते. आज टीव्ही बंद होता.

साडेचारला मंजुषाचा फोन वाजला. अंकितचा होता.

“उचल,” सदाशिवराव म्हणाले. “आवाज नीट ठेवजो. झोपली हाये म्हणजो.”

मंजुषाने फोन हातात घेतला. तो वाजत राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“पाहून काय राह्यली?” कैलास म्हणाला. आवाज नेहमीइतकाच खाली होता. “तुले तं येते. मेलेल्या पोरीले दात आणले होते तू.”

फोन वाजायचा थांबला. मंजुषा भिंतीला टेकून खाली बसली. ती रडेल असं कैलासला वाटलं, पण ती रडली नाही.

“दात खरा होता,” ती म्हणाली. “लग्नाच्या आठ दिवस आधी आला होता. बाकीचं माह्या मनचं.”

“मनचं?”

तिने सासऱ्यांकडे हात केला. “मामाजी बाजूले बसून सांगे, लिव. म्या म्हटलं, काय लिवू? म्हणे, पोरगी काय करते ते लिव. मंग तिचं जे जे पाहाचं राह्यलं होतं ते लिवलं. लिवत राहो तेवढा वेळ ती हाये असं वाटे.” तिने कैलासकडे पाहिलं. “तुमी कधी इचारलं? इतक्या वर्षांत एक डाव इचारलं का, कशी गेली म्हणून?”

“काय इचाराचं? ताप आला, एका दिवसात गेली. बाबानं सांगतलं होतं.”

“तीन दिवस,” मंजुषा म्हणाली.

सदाशिवरावांनी खुर्चीत हालचाल केली. “सूनबाई, आज घरात मयत झाली हाये,” ते म्हणाले. “आज हे काढाचं नाई.”

“तीन दिवस ताप होता,” ती त्यांच्याकडे न पाहता बोलत राहिली. “दारी मांडव होता. म्या म्हटलं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊ. मामाजी म्हणे, वरात येऊन राह्यली, नवरीचा बाप घर सोडून कुठं जाईन? उद्या नेऊ. दुसऱ्या दिवशीही तेच. दिपालीची पाठवणी झाली तवा गाडी केली. पवनारच्या पुलापाशी माह्या मांडीवर गेली ती.”

कैलासला आधी ते नीट कळलंच नाही. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. खांद्यावरचा हात. एका दिवसात सगळं झालं. तुह्यं ध्यान राह्यलं पायजे. तो बापाकडे वळला.

“माह्या ध्यानासाठी नाई लपवलं तुमी,” तो म्हणाला.

“लेकरांले ताप येतच राहे तवा,” सदाशिवराव म्हणाले. “मले काय माहीत होतं मरते म्हणून? अन् तू तिकडं लढाईत. कोण्या तोंडानं सांगू तुले?”

कैलास उठला. त्या टेकडीसमोर आला होता तोच राग पुन्हा आला होता. पण आज समोर टेकडी नव्हती. ज्याच्यावर राग होता तो माणूस समोर बसला होता, सकाळी बायको गेलेला, धोतराचा सोगा मुठीत धरून. कैलास खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. सदाशिवरावांनी मान खाली घातली. मारलं असतं तरी त्यांनी हात वर केला नसता.

फोन पुन्हा वाजला. कैलासने वाकून तो मंजुषाच्या मांडीवरून उचलला.

“आई, कवापासून लावून राह्यलो...”

“मी हाये.”

“पप्पा? आई कुठी हाये?” अंकित गोंधळला. कैलास कधी फोन घेत नसे.

“अंकित, तुही आजी गेली. आज सकाळी, झोपेतच. तरास नाई झाला. दुपारी आगीन देल्ली.”

अंकितचा आवाज आला, अगदी बारीक. “आज?”

“आज.”

“अन् हे तुमी मले आता सांगून राह्यले? इथी? मी काय करू इथून? सुट्टी नाई भेटत, निघता येत नाई. काऊन सांगतलं मले?” त्याचा आवाज चढत गेला. “जन्मात कधी धड बोलले नाई तुमी माह्याशी. अन् आज फोन घेतला तं हे सांगाले?”

तो बापाशी असा कधीच बोलला नव्हता. फोनबाहेर सगळं ऐकू येत होतं. सदाशिवरावांनी मान हलवली, आपलंच खरं ठरल्यासारखी.

“बोल,” कैलास म्हणाला. “आणखी बोल. जेवढा राग हाये तेवढा माह्यावर काढ, मी ऐकून राह्यलो. पण तो संग घेऊन पोस्टवर जाऊ नको.”

मग अंकित रडू लागला. रडणं पुरं होईपर्यंत कैलास फोन कानाला धरून अंगणाकडे तोंड करून उभा राहिला.

फोन ठेवल्यावर सदाशिवराव हळूच म्हणाले, “ती बी मले म्हणे, एक डाव सांगून टाका पोराले. कितीक डाव म्हणे.”

ती म्हणजे कौशल्याबाई. म्हणजे आईलाही ठाऊक होतं. कैलास खाली बसला, मंजुषापासून हातभर अंतरावर. विचारायला आता आई नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे राख सावडायला नाल्याकाठच्या स्मशानात गेले. बायका तिथे जात नाहीत. मंजुषा गेली, आणि तिला कोणी काही म्हणालं नाही. सगळं आटोपून माणसं घराकडे वळली तेव्हा कैलास बापाजवळ आला.

“रक्षाले कुठी पुरलं ते दाखवा.”

मंजुषालाही ती जागा माहीत नव्हती. तेव्हा तिला घरीच ठेवलं होतं. सदाशिवराव आणि त्यांचा एक सोबती, असे दोघंच गेले होते, आणि तो सोबतीही आता राहिला नव्हता.

सदाशिवराव काठी टेकत नाल्याच्या वरच्या अंगाला निघाले. ही दोघं त्यांच्या मागे चालली. वर मोकळं मुरमाड रान होतं, मधूनमधून वाळलेलं गवत. ते थांबले आणि काठीने दाखवलं.

“इथी.”

मग आजूबाजूला पाहत चार पावलं पुढे गेले. “नाई. बाभूळ होती एक. बाभळीच्या खाली.”

बाभूळ कुठेच नव्हती. ते डावीकडे गेले, परत आले, नाल्याचं वळण पाहिलं, डोळ्यांवर हात धरून दूरच्या विजेच्या खांबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

“मले ध्यानात होतं,” ते म्हणाले. “बहुत वर्षं ध्यानात होतं.”

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि “इथीच असन तं?” म्हणत लगेच उचलून घेतली. काठी तशीच हवेत धरून ते उभे राहिले.

मंजुषाने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. ऊन चढलं होतं, मुरूम पोळत होता. कैलासने तिच्याकडे पाहिलं आणि आपल्याही चपला काढल्या. मग दोघंही, एकेक पाऊल जपून टाकत, ते सगळं रान ओलांडून गेले.