बिनआवाजाचं विमान

फाल्गुनातल्या उतरत्या दुपारी पठाराच्या पश्चिम कडेला वारा दरीतून वर चढून येई, तेव्हा त्याच्यासोबत खालच्या गुऱ्हाळांचा गोड, किंचित करपट वास येई, वाळल्या गवताचा सोनेरी भुसा येई, आणि या सगळ्यांवर मात करत आमच्या दाजींची हाक येई, "पावणं! आलं बघा वारं!" मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा असे. पण दाजींच्या व्यवहारात अंतराला स्थान नव्हते. पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला ते ज्या आवाजात वेळ विचारत, त्याच आवाजात माझ्या कानाशी घरातली गुपितेही सांगत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. मागांच्या त्या अखंड खडखडाटात त्यांचे कान हळूहळू मिटत गेले, लाजाळूची पाने मिटावीत तसे, पण पुन्हा न उघडण्यासाठी. माग चालू असताना तिथे कुणी बोलत नाही. माणसे एकमेकांचे ओठ वाचतात. दाजींनाही ती विद्या साधली होती. समोरच्याचे तोंड दिसले की त्यांना सारे कळे, आणि त्याने मान वळवली की जग बंद होई. नोकरी संपवून ते कोल्हापुरात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले, आणि वर्षभरात त्यांना ग्लायडरचा नाद लागला.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दाजींचे अर्थातच लहान, माणसाच्या हातून सुटणारे आणि जमिनीवरून रिमोटने वळवता येणारे. मोबाइलवर तसले एक विमान पाहून ते भल्या सकाळी माझ्या दारात आले. "ह्येला इंजान न्हाय, पावणं! पंखा न्हाय! नुसत्या वाऱ्यावर! आन् आवाज? औषधाला बी न्हाय!"

मी त्यांच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणालो, "दाजी, इंजिन असतं तरी तुम्हाला कुठं ऐकू आलं असतं?"

त्यांनी माझे ओठ वाचले, क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "मला न्हाय ओ. त्येला. त्येला तरी निवांत असू दे की."

चौतीस वर्षे संस्कृत शिकवताना जमवलेल्या सुभाषितांच्या वहीत मी ते उत्तर उतरवून ठेवले.

पहिले विमान त्यांनी माळावर उडवले. ते सरळ जमिनीत गेले. दुसरे बाभळीत गेले आणि बाभळीने ते परत दिले नाही. तिसरे एका म्हशीच्या पाठीवर उतरले. म्हैस हलली नाही, विमान मात्र मोडले. दाजी प्रत्येक वेळी तुकडे गोळा करत, एखाद्या मागाचा तुटलेला भाग निरखावा तसे निरखत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून आकाशातल्या घारी बघत. घार पंख न हलवता वर कशी जाते, वळताना कुठला खांदा पाडते, शेपूट कधी मुरडते, हे ते इतक्या तन्मयतेने पाहत की चहा निवून जाई आणि अक्काचा आवाज तापत जाई.

चौथे ग्लायडर बांधायला आठ महिने लागले. हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या, वर ताणलेले तलम आवरण, टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटर पंख. घरात एवढी जागा एकच होती, तो पलंग. तेव्हा ग्लायडर पलंगावर निजू लागले आणि दाजी नि अक्का खाली सतरंजीवर. त्याच्या उशाशी पंखा लावायचा नाही, त्याच्यासमोर फोडणी द्यायची नाही, त्याच्यावर ऊन येऊ द्यायचे नाही. "आमाला पोरगी न्हाय," अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पण जावई आलाय बघा. जेवत न्हाय तेवढं बरं."

त्याच दिवसांत अक्काच्या छोट्या पितळी खलबत्त्यातला बत्ता नाहीसा झाला. वेलदोडे कुटायचा, आमच्या आईने दिलेला. दिवाळीत तो शेवटी माझ्या बायकोच्या हातात दिसला होता, एवढ्या एका पुराव्यावर अक्काने तिच्याशी बोलणे सोडले. तेव्हापासून दोघींमधला सगळा पत्रव्यवहार माझ्या तोंडून चाले. "तुझ्या बायकोला सांग, दगडानं वेलदोडं कुटून माझी बोटं फुटाल्यात." मी ते घरी आणून पोचवी आणि घरचे उत्तर पुष्कळ सौम्य करून परत नेई.

असा तो फाल्गुनातला दिवस. माझ्या जुन्या मोटारीत मागच्या आसनावर जावई, पुढे मांडीवर त्याचा एक पंख धरून अक्का, आणि कोपऱ्यात अंग चोरून दाजी. पठारावर वारा अगदी मनासारखा होता. कडेपर्यंत धावत जाऊन ग्लायडर फेकण्याचे काम माझे. माझ्या गुडघ्यांना ते मान्य नसे, पण हातातून ते सुटून वाऱ्यावर टेकले की गुडघे विसरायला होई. कडेच्या समांतर ते डावीकडून उजवीकडे जाई, वळे, उजवीकडून डावीकडे येई, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासारखे. आणि त्या उतरत्या उन्हात जणू अदृश्य कापडाचा एकेक धागा भरत जाई. दाजी तेव्हा कुणीतरी वेगळेच होत. पाठ ताठ, मान बगळ्यासारखी लांब, आणि अंगठ्यांची हालचाल इतकी मृदू की हेच हात लोखंड ठोकत होते यावर विश्वास बसू नये.

तेवढ्यात एक घार आली आणि संथ घिरट्या घेत वर चढू लागली. ती चढते तिथे वारा वर जातो, हे दाजींना ठाऊक. त्यांनी ग्लायडर तिच्यामागे घातले. दोघेही चढत गेले, लहान होत गेले, आणि शेवटी सूर्याच्या बाजूला दोन काळे ठिपके उरले.

"बघा की पावणं!" दाजी दरीपलीकडे ऐकू जाईल असे ओरडले. "कसं ऐकतंय! डावीकडं म्हटलं की डावीकडं! आता उजवीकडं... बघा! लेकरावानी ऐकतंय!"

खरेच, ठिपका डावीकडे वळला, उजवीकडे वळला. मी डोळ्यांवर हात धरून पाहत होतो आणि त्या आज्ञाधारकपणाने भारावून गेलो होतो. इतक्यात त्या ठिपक्याने चार वेळा पंख फडफडवले.

दाजींचे अंगठे रिमोटवर थांबले.

"पंख हलीवलं की," दाजी म्हणाले.

आम्ही दोन मिनिटे घार उडवत होतो. जावई केव्हाच कुणाला न सांगता दरीत उतरला होता.

खालच्या गावात पोचलो तेव्हा त्याला शोधावे लागले नाही. दूध संस्थेच्या ओट्यावर, कॅनच्या शेजारी, ग्लायडर टेबलावर आडवे होते आणि भोवती अर्धे गाव उभे होते. त्या भागातून मोठा रस्ता जाणार आणि जमिनी जाणार, अशी बातमी त्या दिवसांत गावोगाव फिरत होती. अशा वेळी आकाशातून आवाज न करता काहीतरी उसात उतरते, याचा अर्थ गावाने लावून ठेवला होता. चोरून मोजणी.

ज्यांच्या उसात ते पडले त्या हौसाबाई पुढे आल्या. साठीच्या, काटक, हातात ऊसतोडीचा कोयता, आणि उसाच्या पाल्याची बारीक काटेरी कूस नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडावरून घट्ट बांधलेला पदर. दाजींना त्यांचे ओठ दिसत नव्हते; मोठ्याने ओरडलेला एखाददुसरा शब्द तेवढा कानात शिरत होता.

"कुणी पाठिवलं तुमास्नी?"

"पाठ व्हय?" दाजी गरजले. "पाठ बरी हाय आता!"

"आमच्या रानावर नजर ठेवाय आलाय न्हवं?"

"नजर मातूर कमी झालीया! मोतीबिंदू म्हणत्यात!"

घोळक्यातून कुणी ओरडले, "येड पांघरलंय! आन् वर आमच्यावरच वरडतंय बघा!" दोघेतिघे पुढे सरकले. मी माझ्या शुद्ध मराठीत खुलासा करू लागलो आणि त्याने संशय अधिकच वाढला. इतके शुद्ध बोलणारा माणूस सरकारीच असणार.

तेव्हा अक्का मध्ये शिरली. "ओ बाई, त्यास्नी ऐकू येत न्हाय. सगळी हयात मागाच्या आवाजात गेलीया. खेळणं हाय ते. कॅमेरा न्हाय, काय न्हाय. उघडून बघा पायजे तर."

हौसाबाईंनी ग्लायडरचे पोट उघडले. बॅटरी, वायरी, शेपूट हलवणारी दोन चिमुकली यंत्रे. मग त्यांनी त्याचे नाक हातात धरून तोलले. "आन् ह्या नाकात काय दडीवलंय? जड लागतंय की."

हे मात्र त्यांनी पदर जरा खाली ओढून विचारले. दाजींनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तेवढं उघडू नका," ते म्हणाले. "बाकी कायबी बघा."

"बघा! म्हंजे हाय कायतरी!" सगळा घोळका एकदम बोलू लागला. हौसाबाईंनी कोयता उचलला. आठ महिन्यांचे काम त्या पात्याखाली होते. मला वाटले, दाजींचे डोळे त्यासाठी भरून आलेत. त्यांनी हौसाबाईंचे मनगट हळूच अडवले, कोयता मागून घेतला, एकदा अक्काकडे पाहिले आणि स्वतःच्या हाताने ग्लायडरचे नाक चिरले.

ठण्ण करून काहीतरी फरशीवर पडले आणि गडगडत अक्काच्या पायाशी जाऊन थांबले.

"माझा बत्ता!" अक्का किंचाळली.

"नाकाला वजन लागतंय," दाजी खाली बघत पुटपुटले. "न्हायतर शेपटावर पडतंय."

मग हौसाबाईंनी तोंडावरचा पदर पुरता काढला आणि कमरेवर हात ठेवून हसू लागल्या. "अगं बया! बत्ता चोरून इमान करणारा सरकारी माणूस न्हवं गं! ह्यो आपल्यातलाच कुणाचा तरी नवरा हाय!" बायका हसल्या, पुरुष हसले, कॅन धुणारा गडी खाली बसून हसला. अक्का तेवढी हसली नाही. बत्ता पदरात गुंडाळून ती मला म्हणाली, "तुझ्या बायकोला फोन लाव. आत्ता." आणि त्या दूध संस्थेच्या ओट्यावर, पन्नास माणसांच्या साक्षीने, तिने माझ्या बायकोची माफी मागितली. अर्थात तीही दाजींना शिव्या देतच.

गावाला आता ग्लायडर उडताना बघायचे होते. पण अक्का बत्ता द्यायला तयार नव्हती. अखेर संस्थेच्या सेक्रेटरीने काटा पुढे ओढला. दुधाची फॅट बघावी त्या गांभीर्याने त्याने बत्ता जोखला आणि हौसाबाईंनी घरून आणलेल्या गुळाच्या ढेपेचा खडा फोडून फोडून बरोबर तेवढ्या वजनाचा केला. गूळ पिशवीत, पिशवी नाकात, वरून चिकटपट्टी. गावामागच्या टेकडीवर आम्ही गेलो तेव्हा सूर्य कासराभर उरला होता, आणि गूळ घेऊन जावई सुटला तो असा उडाला की पितळ घेऊन कधी उडाला नव्हता.

आरडाओरडा करणारे ते गाव माना वर करून उभे राहिले. वर पंखांवर ऊन होते, खाली उसावर सावली. दाजींनी रिमोट हौसाबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या अंगठ्यांवर आपले अंगठे नुसते टेकवून ठेवले. त्या वर बघत होत्या. मग मान वळवून त्यांनी विचारले, "माझं रान तिथनं कसं दिसत असंल ओ?"

दाजींनी ते ओठ वाचले. आणि मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा हलक्या, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "म्या बी न्हाय बघितलं, बाई. जलमभर खालनंच बघतोय."

घरी परतताना मोटारीत जावयाच्या नाकाला मुंग्या लागल्या आणि त्या रात्रीपासून दाजींना पलंग परत मिळाला. ग्लायडर पुढे अनेकदा उडाले. हौसाबाई दर वेळी टेकडीवर येत, दर वेळी ताजा गूळ आणत. मग दाजींच्या मोतीबिंदूने वर्षभर खोळंबा केला, मग हृदयाने. गेल्या श्रावणात एका दुपारी, जेवण झाल्यावर, ते गेले. इतक्या हळू गेले की शेजारच्या खोलीत असलेल्या अक्कालाही कळले नाही.

टेकडीवरच्या त्या पहिल्या संध्याकाळी सेक्रेटरीने मोबाइलवर घेतलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात ग्लायडर नाही. मोबाइलला ते टिपताच आले नाही. सगळे आकाशच आहे, पिवळसर, रिकामे, आणि त्याच्याखाली माणसांचे मधूनच येणारे "आरं आरं", "वळलं बघ". अक्का आली की तो लावायला सांगते. चष्मा पुसून रिकाम्या पडद्यावर बोट फिरवत राहते, इथून वर, इथे वळण, इथे खाली. एकदा मी म्हणालो, "अक्का, यात काही दिसत नाही गं." ती मान न वळवता म्हणाली, "तू गप बस. मला दिसालंय."

आता मीही तिच्या बोटामागून पाहतो. काळ चित्र पुसून नेतो हे खरे. पण ज्या दिशेला आपण कुणासोबत मान वर करून उभे होतो, ती दिशा त्याला नेता येत नाही.