शिट्टीचा रकाना

नव्या शाळेच्या अर्जात रकाना होता : 'मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?' स्वप्नानं बेधडक 'नाही' लिहिलं. आता मिक्सर लावला तरी हिची लेक कान दाबून घरभर धावते, हे खातीपुऱ्याच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीला ठाऊक! पण आधीच्या शाळेत खरं लिहिलं आणि तीन वर्षं शमिकाला एकाही सहलीला नेलं नाही. एकदा पोळलेली बाई पुन्हा कशाला खरं लिहिते?

म्हणून आज विशेष मुलांच्या या नव्या शाळेबरोबर नाहरगडामागची टेकडी चढलेल्या अकरा मुलांत तेरा वर्षांची, न बोलणारी शमिका होती, आणि मदतीला म्हणून तिची आई. शमिका ऊन लागून तापलेले दगड गालाला लावत होती, हसत होती. बघा, लोक उगाच बाऊ करतात, असं स्वप्नाला वाटलं.

सव्वाअकराला सहलीचे सर सुखदेवजी यांनी शिट्टी फुंकली. मुलांपैकी श्रीपादला आणि आणखी दोघांना दिसत नव्हतं. शिट्टी ऐकून त्यांनी तिच्या दिशेनं यायचं, असा शिरस्ता. तिघं बरोबर आली. बाकीचीही जमली. मोजली तर दहाच.

"शमिका कुठाय?"



सुखदेवजी जोरजोरात शिट्टी फुंकू लागले. दोघी शिक्षिका शमिकाच्या नावानं ओरडत काटेरी झुडपांत शिरल्या. प्रत्येक शिट्टीगणिक पोर आणखी लांब पळत असणार, हे त्या टेकडीवर एकाच माणसाला कळत होतं, आणि तेच तोंडात गुळणी धरून उभं! अहो, चांगली सहा मिनिटं! सांगितलं तर पोरीचं नाव कापतील. आपणच शोधू, मतलब, जाऊन जाऊन जाणार कुठे, असं घोकत ती एकटीच उताराकडे धावली. पुढे वाट संपली. खाली सरळ तुटलेला कडा, आणि कड्याच्या तोंडाशी शमिकाचा एक बूट.

मग कसलं नाव आणि कसली सहल! ती धापा टाकत परत आली आणि सुखदेवजींच्या हातातली शिट्टी तिनं हिसकावून घेतली.

"बंद करा, भैया! मी खोटं लिहिलं. तिला आवाज सोसत नाही. आवाजानंच पळते ती! तिकडे कडा आहे!"

सुखदेवजींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ते पाहणं होतं. त्यांनी झुडपांतल्या दोघींना खुणेनं परत बोलावलं, हातानं सगळ्यांना खाली बसवलं, ओठांवर बोट ठेवलं. अखंड बडबडणाऱ्या प्रथमेशलासुद्धा एका बाईंनी मांडीशी घेऊन गप्प केलं. स्वप्नाला गळा फाडून हाक मारावीशी वाटत होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

किती वेळ गेला देव जाणे. मग श्रीपादनं हात उचलून डावीकडे दाखवलं. "तिकडे. खाली. कुणीतरी गुणगुणतंय."

बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. सुखदेवजी बूट काढून, एकेक पाऊल चाचपत कड्याखाली उतरले. पुरुषभर खालच्या एका कपारीत शमिका कान दाबून, डोळे मिटून बसली होती. पाय मोकळ्या हवेत. ते तिच्याशेजारी नुसते बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं आपण होऊन त्यांच्या शर्टाची बाही धरली.

वर आल्यावर स्वप्नानं लेकीला कवटाळलं आणि हुंदके देऊ लागली. शमिकानं लगेच पुन्हा कान दाबले. ते पाहून स्वप्ना गप्प झाली.

"तो रकाना कशाला असतो, माहीत आहे?" सुखदेवजी हळू आवाजात म्हणाले. "मंगळवारी आमची दुसरी तुकडी येते. शिट्टी नाही, हाका नाहीत. हिच्यासारखी सहा मुलं आहेत त्यात."

"मतलब... त्यांनाही आणता तुम्ही?"

"त्यांच्यासाठीच विचारतो ना. शमिकाला मंगळवारी पाठवा." ते काढलेले बूट चढवू लागले. "तुम्ही मात्र येऊ नका."

वाद घालायला स्वप्नानं तोंड उघडलं. मग मान खाली घालून ती "बरं" म्हणाली.