हुग्गीचं पातेलं रंगाचं झालं त्याची गोष्ट

मी पातेलं बोलतोय. जर्मनचं म्हंजे ॲल्युमिनियमचं, चाळीस माणसांच्या हुग्गीचं. हुग्गी म्हंजे खपली गव्हाची खीर, आमच्या गडमुडशिंगीच्या घरात सणाला शिजायची. आता सांगतोय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय, अक्काताईंची शप्पत. म्हंजे, त्यांना विचारून शप्पत घेतल्याली न्हाय. आणि माझ्या बुडाला एक पोचा हाय, त्या बाजूच्या आठवणींची खात्री मी देत न्हाय. बाकी सगळं खरं.

माझ्या काठावर कोरलंय, "चि. अक्काताईस, रुद्राप्पा मामाकडून, १९६८". लय वर्सं मला वाटायचं, हेच माझं पूर्ण नाव. अक्काताईंच्या लग्नात मी आलो. लग्नातल्या बाकीच्या वस्तू मोडल्या, हरवल्या, एक रेडिओ तर भावकीनं नेला. मी टिकलो. त्यामुळं घरात माझा मान सासऱ्याच्या खालोखाल.

मग अठ्ठ्याण्णव साली सून आली, सौंदर्या. तिला कापडं रंगवायचं खूळ. शहरात शाहूपुरीत विमलाबाई म्हणून रिटायर शिक्षिका, त्या दर रविवारी नवशिक्यांना झाडपाल्याच्या रंगांनी सुती कापड रंगवायला शिकवायच्या. आठ रविवारांचा क्लास. सहावा रविवार झाला आणि बाई सौंदर्याला म्हणाल्या, "तुमच्या गावातल्या बायकांना तूच शिकव. फक्त मोठं भांडं बघ. आणि एकदा रंगाला वापरलेलं भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही, लक्षात ठेव."

घरात मोठं भांडं एकच. मी.

"मामानं दिल्यालं पातेलं हाय ते," अक्काताई म्हणाल्या. "त्यात माणसं जेवत्यात, साड्या न्हाय."

"आत्ती, एकदा तरी बघा की."

अक्काताईंनी विचार केला. मग कपाटातनं इचलकरंजीची कोरी सुती साडी काढली. "ही जत्रंला नेसायची हाय. झेंडूसारखी पिवळी कर. मी सोता धुणार. रंग उतरला न्हाय तर पातेलं तुझं, शिकव जा गावाला. उतरला तर पातेलं राखंनं घासायचं आणि क्लास बंद."

माझा सल्ला कुणी घेतला न्हाय. मी हुग्गीच्या बाजूनं हुतो.

पण पोरीचं काम बघितलं आणि गप बसलो. आधी साडी सोड्याच्या गरम पाण्यात उकळून खळ काढली. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली, मग तुरटीच्या पाण्यात. पोरगी सांगायची, "हिरडा आणि तुरटी रंगाला धरून ठेवत्यात, नुसतं रंगात बुडवलं तर पहिल्या धुण्यात सगळं गटारीत." कुणाला सांगायची? मलाच. स्वयंपाकघरात दुसरं कोण हुतं? मग तीन पिशव्या कांद्याच्या साली माझ्यात शिजवल्या, गाळल्या, त्या पाण्यात साडी सोडली. रंग असा आला की मी हुग्गी इसरलो.

एकच अडचण. साडी सारखी फुगून वर यायची.

तिचा नवरा शिवकुमार कामाला हुता, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत. तिथली वाया गेलेली बिडाची, म्हंजे ओतीव लोखंडाची ढेकळं ह्यानं घरी आणून भरल्याली. दाराला ढेकूळ, लोणच्याच्या बरणीवर ढेकूळ, उडणाऱ्या पेपरवर ढेकूळ. देवघर तेवढं सुटलं हुतं. सौंदर्या दळण आणायला गेली आणि हा आत आला. साडी वर आल्याली बघितली. मायेनं एक गंजलेलं पाच किलोचं ढेकूळ उचललं आणि माझ्यात सोडलं. पोचा तवाचा हाय.

दुपारभर मी मंद आचेवर. संध्याकाळी सौंदर्यानं झाकण काढलं.

साडी काळी.

थोडीथोडकी न्हाय. तव्यासारखी. काठाला तेवढी पिवळी झाक.

"अवो, हे काय केलंसा?"

"बसवली की साडी," शिवकुमार म्हणाला. "सारखी उठत हुती."

सौंदर्या चुलीम्होरं बसली ती उठंना. सहा रविवारांची एस्टी, बोटांना पडलेले डाग, समदं माझ्यात बुडालं हुतं. मला वाटलं, आता राख येणार.

अक्काताईंनी काठीनं साडी उचलली. बघितली. परड्यात धुण्याच्या दगडावर नेली, वडी साबण लावला, धोपाटण्यानं बडवली. शेजारची धोंडुबाई कुंपणावरनं म्हणाली, "अक्का, डांबर धुतीयास व्हय?"

"तू तुझी म्हस बघ."

तीनदा धुतली. मग शिवकुमारचा पांढरा रुमाल ओल्या साडीत गुंडाळून पिळला. रुमाल उलगडला. पांढरा. तिन्ही पाणी नितळ.

"अव्वा, पण पिवळी सांगितल्याली," शिवकुमार म्हणाला. ह्याला गप बसायचं कधी कळलं न्हाय.

"पैज रंग उतरायची हुती," अक्काताई म्हणाल्या. "कंचा रंग, ते पैजंत न्हवतं. आणि जत्रा लांब हाय, संक्रांत आठवड्यावर आलीया. काळीच पायजे की."

पुढच्या रविवारी विमलाबाईंनी साडी हातात घेतली आणि हसतच सुटल्या. हिरडा लावलेल्या कापडाला लोखंड भेटलं की काळा रंग होतो, हा त्यांचा आठवा धडा. आमच्याकडं तो सातव्याच्या आधीच झाला, शिकवणी न लावता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्काताई तीच साडी नेसल्या. "काठाला पिवळं मुद्दाम सोडलं. पोराला म्हटलं, टाक बिडाचं ढेकूळ," असं त्यांनी अकरा बायकांना सांगितलं. मी मोजल्या. त्यातल्या नऊ जणी दुसऱ्या दिवशी शिकायला आल्या. धोंडुबाई सगळ्यात म्होरं.

मग अक्काताईंनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावलं. मामाच्या नावाखाली त्यानं कोरलं, "रंगाचं हाय, खायचं न्हाय. सौंदर्याचं." आता हे माझं पूर्ण नाव.

हुग्गीसाठी स्टीलचं नवं पातेलं आलंय. चकचकीत हाय, बोलत न्हाय. मी परड्यात तीन दगडांवर बसतो. आतनं कायमचा डागाळलोय, घासू नका. पोच्यात शिवकुमारचं ढेकूळ बरोबर बसतंय, काळा पायजे त्या दिवशी.

तर पावणं, गोष्ट फुकट ऐकलासा. आज पिवळ्याचा धडा हाय, बायका यायला लागल्यात आणि मी निम्मा रिकामा हाय. तुमच्या घरात कांदा चिरत्यात न्हवं? मग काढा की साली.