बिनबकरमची कॉलर

"मावशी, हा शर्ट चावतो."

"कुठे चावतो?"

"मानेला. आणि काखेत. आणि इथे पण, पण इथे थोडासाच."

मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. शाळेची घंटा व्हायला अर्धा तास होता, कारखान्याचा भोंगा व्हायला पाऊण, आणि समोर पाच वर्षांची भाची एका बाहीत हात घालून, दुसरी बाही लोंबती सोडून उभी होती. नवा कोरा गणवेश. कडक कॉलर, चार बटणं, छातीवर खिसा. दुकानदार म्हणाला होता, मुलं हसत हसत घालतात. त्याला एकदा घरी बोलवायला हवं होतं.

"आज घाल. उद्या बघू."

"उद्या पण चावेल."

मावशीनं गणवेश काढला, धुऊन धुऊन विटलेला जुना फ्रॉक तिच्या अंगात घातला आणि तशीच शाळेत नेली. फाटकातूनच परत यावं लागलं. शाळेच्या मोठ्या बाई सज्जन होत्या, पण नियमाला पक्क्या. "कॉलरचा गणवेश हवा म्हणजे हवा," त्या म्हणाल्या. "आज हिला सूट दिली तर उद्या अर्धा वर्ग झोपेच्या कपड्यांत येऊन बसेल. आठवडाभर वाट बघते. मग नाव काढावं लागेल."

आता मावशीला निवृत्त होऊनही बरीच वर्षं लोटली. गुडघे कुरकुरतात, सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते. पण दुपारी डोळा लागला नाही की ती हटकून त्याच दोन वर्षांत जाऊन बसते. बाकीचं आयुष्य तिला एकाच लांबलचक दिवसासारखं आठवतं. ती दोन वर्षं मात्र वारासकट आठवतात. गणवेश चावला तो सोमवार होता.

मावशी तयार शर्टांच्या कारखान्यात होती. तिथे अख्खा शर्ट कुणीच शिवत नसे. एक बाहीवाली, एक खिसेवाली, एक काजंवाली, आणि मावशी कॉलरवाली. कापडाचे दोन तुकडे, मध्ये ताठपणासाठी बकरमचा थर, तीन बाजूंनी टीप, मग उलटवून टोकं बाहेर काढायची. अकरा वर्षं तिनं याखेरीज काहीही शिवलं नव्हतं. टोकं काढावीत तर तिनंच, असं साहेबही म्हणत, आणि नव्या मुलींना दाखवायला तिच्याच कॉलरी उचलून नेत. कडक, टोकदार, वाकवली तर पुन्हा उभी राहणारी. आणि घरात ही पोर, जिला गळ्याशी दोरा टेकलेला खपत नव्हता. दैव थट्टा करतं तेव्हा अशी माणूस बघून करतं.

पोर आली होती ती मावशीची थोरली बहीण, पोरीची आई, गेली म्हणून. वडील ट्रक चालवत, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. पोरीला सोडायला आले तेव्हा चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले होते, "शाळेत टिकली तर राहू दे तुझ्याकडे. नाही टिकली तर वसतिगृहात टाकतो. तुलाही नोकरी आहे, एकटी किती करशील?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मावशीनंही मान डोलावली. पण त्याला आता वर्ष झालं होतं. पोर झोपेत तिचं बोट मुठीत धरायची आणि ते सोडवून घेणं मावशीला अजून जमलेलं नव्हतं. वसतिगृह हा शब्द तिला हल्ली ऐकवत नसे.

तेव्हा आठवड्यात गणवेश हवा होता, आणि तो पोरीच्या अंगात जायला हवा होता.

"शिव की घरी," बाहीवाली जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "एवढी वर्षं शर्टाच्या कारखान्यात काढलीस आणि शर्ट येत नाही?"

"तुला येतो?"

बाहीवालीनं घास चावता चावता विचार केला. "नाही गं," ती म्हणाली. "मला बाहीच येते."

कुणालाच येत नव्हता. पण तुकड्या तुकड्यानं सगळ्यांना मिळून येत होता. मग बायकांनी डबे भराभर उरकायला सुरुवात केली. बाहीवालीनं काखेतली शिवण चपटी कशी बसवायची ते करून दाखवलं. खिसेवाली म्हणाली, खिसा वरूनच लावू, आत काही येताच कामा नये. काजंवालीनं बारीक बटणं निवडून दिली. सगळ्या जणी असा काही जीव लावून बसल्या होत्या, जणू पाहणी करायला परदेशातून कुणी येणार आहे.

पाहणी झालीच. संध्याकाळी बिनकॉलरचा शर्ट पोरीच्या हातात दिला, तर तिनं आधी तो उलटा केला. मग एकेका शिवणीवरून आतून बोट फिरवलं, सावकाश, ओठ आवळून.

"हे कुणी केलंय?"

"बाहीवालीनं."

"तिला सांग, इथे गाठ राहिलीये."

दुसऱ्या दिवशी बाहीवालीनं शर्ट उजेडात धरून पाहिला. गाठ होती. "अगं, आपली चेकर पगार घेऊन एवढं बघत नाही," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून पोरीचं नाव चेकर पडलं. तयार माल उलटा करून तपासणारी कारखान्यातली खरी चेकर महिनाभर बाहीवालीशी बोलली नाही, तो भाग वेगळा.

घोडं अडलं ते कॉलरीशी. बाकी शर्ट पास झाला, पण मावशीची कॉलर नाही. तिनं पातळ बकरम घातलं. नापास. त्याहून पातळ घातलं. पोरीनं गळा आक्रसून घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं, पण रडली नाही, त्याचं मावशीला जास्त लागलं. शनिवारी तिनं जरा आवाज चढवला. "सगळं जग कॉलर घालतं. तुझीच मान काय सोन्याची लागून गेली?" पोर भिंतीकडे तोंड करून बसली. मावशीला लगेच वाईट वाटलं, पण घालायचं काय हा प्रश्न तसाच होता.

रविवारी सकाळी घरात कुणी बघत नाही असं पाहून मावशीनं स्वतःच्या हातची कॉलर स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळली. डोळे मिटले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. अकरा वर्षांत हजारो कॉलरी हातावेगळ्या केल्या होत्या, पण आतल्या बाजूला माणसाची मान असते हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कॉलर खरंच चावत होती. टोकाशी तर चांगलीच.

मग तिनं उशीचा जुना अभ्रा फाडला. बकरम घातलंच नाही. शिवण आत न घेता घडीच्या खाली, बाहेरच्या अंगाला काढली. जी कॉलर तयार झाली ती बघून साहेबांना भोवळ आली असती. टोकं लोळत होती, घडी बसत नव्हती, भिजलेल्या मांजराच्या कानांसारखं काहीतरी गळ्याशी लोंबत होतं. अकरा वर्षांचं नाव तिनं त्या सकाळी चुलीत घातलं.

पोरीनं शर्ट घातला. बटणं लावली, वरचंसुद्धा. मान वळवली.

"मावशी," पोर म्हणाली, "आता मी शाळेत जाते."

"आज रविवार आहे गं."

"असू दे."

दिवसभर तिनं तो काढलाच नाही. सोमवारी मोठ्या बाईंनी त्या कॉलरीकडे बराच वेळ पाहिलं, मग मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॉलर आहे. नियमात बसतं." मावशी आयुष्यभर त्या बाईंना दुवा देत आली आहे.

याचीच एक पुरवणी आहे, आणि ती आठवली की मावशीला आजही एकटीला हसू फुटतं. त्या सोमवारी ती अशी काही तरंगत होती, की तिनं कारखान्यात अख्खं बंडलभर कॉलरी बिनबकरमच्या शिवल्या. चोवीस. साहेबांनी एक उचलली, ती त्यांच्या हातात कोलमडली. दुसरी उचलली, तीही. ते रागावले नाहीत, घाबरले. "तुमच्या हातून?" ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?" मावशीला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पण जेवणाच्या सुट्टीत बायकांनी चोवीस कॉलरी आपापसांत वाटून घेतल्या आणि उसवल्या, आणि सगळा वेळ एकमेकींना विचारत राहिल्या, "चेकर गेली ना शाळेत?"

पुढचं वर्ष सुखाचं गेलं. सुख चालू असतं तेव्हा ते आपल्याला सुख वाटत नाही, नुसती धावपळ वाटते. रविवारी दोघी कापडबाजारात जायच्या. पोर प्रत्येक ताग्याला गाल लावून बघायची. दुकानदार लांबून ओळखून नाक मुरडायचे. पिवळा रंग हवा, पण नवा पिवळा नको, जुना पिवळा हवा. बाही हवी, पण कोपराला कळता कामा नये. मावशीच्या नाकी नऊ आले आणि ती फ्रॉक, परकर, स्वेटरखालचा सदरा, सगळं शिवायला शिकली. एक गोष्ट तिच्या हळूहळू लक्षात आली होती. पोर तक्रार फक्त तिच्याजवळ करायची. शाळेत, शेजारी, वडील भेटायला यायचे तेव्हा, ती मुकाट असे. लहानपणी अंगात घातलेले ते कोरे कपडे तिनं वडिलांसमोर कसे सोसले असतील, या विचारानं मावशीला कधी कधी गलबलून यायचं. आणि आपल्याजवळ ती कुरकुरते याचा गुपचूप अभिमानही वाटायचा.

पोर सात वर्षांची झाली त्या वर्षी वडिलांनी दुसरं लग्न केलं. सुट्टीत दोघं आली. नवी बायको दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसणारी, शांत, थोडी अवघडलेली. वडिलांनी पोरीला शाळेच्या शर्टात पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"सुतासारखी सरळ केलीस की हिला. आता सगळं घालते."

"घालते," मावशी म्हणाली.

"मग आता वसतिगृह वगैरे काही नको. घरीच नेतो. हिच्यामुळे घराला घरपण आहे आता." त्यांनी बायकोकडे मान वळवली. "तुझे उपकार फिटायचे नाहीत बघ."

बाप होता तो, आणि चांगला होता. ते ट्रकचं चाक बघून येतो म्हणून बाहेर गेले आणि खोलीत तिघी उरल्या.

नव्या बाईंनी पिशवीतून फ्रॉक काढला. सुंदर होता, गळ्याला कडक लेस. पोरीनं तो घातला आणि खांबासारखी उभी राहिली.

"आवडला?"

पोरीनं मान हलवली. हो म्हणून.

मावशीला सगळं पुढचं स्वच्छ दिसलं. पंधरा दिवस पोर सोसेल. मग अंगावर उठेल, खाणं टाकेल, शाळेत जाणार नाही. ट्रक याच दारात परत येईल आणि भावोजी म्हणतील, तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. त्यासाठी तिला खोटं बोलायचं नव्हतं की भांडायचं नव्हतं. नुसतं मूग गिळून बसायचं होतं. ती बसली. उठून चहाचं आधण ठेवलं, साखर काढली, पुन्हा बसली.

"ताई," नव्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? ही खरंच सगळं घालते, की घालते असं दाखवते? तिच्या मानेवर वळ उठतोय बघा."

मावशीनं पाहिलं. पाच मिनिटांत लेशीखाली लाल रेघ उमटली होती. आणि ती हिला दिसली होती. बापाला सात वर्षांत दिसली नव्हती.

"नवं कापड आहे," मावशी म्हणू शकली असती. "जाईल तो." शब्द जिभेवर आलेही होते. तिनं पोरीकडे पाहिलं. पोर खाली फरशीकडे बघत उभी होती.

"काढा तो फ्रॉक," मावशी म्हणाली. "आणि इथे मशीनवर बसा."

"मला शिवता येत नाही हो."

"मलाही येत नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. नवं कापड आधी तीनदा धुवायचं. मानेमागचं लेबल ब्लेडनं काढायचं, कात्रीनं नाही, कात्रीनं खुंट राहतात. शिवण बाहेर काढायची, लोक हसले तर हसू द्यायचे. बकरम नाही, कधीच नाही. दोन वर्षांत एकेक करून मिळवलेलं ते सगळं तिनं तासाभरात देऊन टाकलं, आणि देताना आपल्यापाशी काय उरतंय ते बघायचं टाळलं. लेस उसवली. चहा गार झाला. नव्या बाईंची टीप वाकडीतिकडी गेली, दोरा दोनदा तुटला, आणि अखेर गळा कसाबसा तयार झाला.

पोरीनं फ्रॉक उचलला. उलटा केला. बोट फिरवत फिरवत खांद्यापाशी थांबली आणि तो घेऊन आली. मावशीनं सवयीनं हात पुढे केला. पोर तिच्याजवळून पुढे गेली आणि मशीनपाशी थांबली.

"इथे जाड लागतंय," ती नव्या बाईंना म्हणाली. "इथे परत शिव तू."

नव्या बाईंनी गोंधळून मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता," मावशी म्हणाली. "तिनं तुम्हाला सांगितलंय."

आणि खिडकीतला उजेड मशीनवर पडावा म्हणून ती जरा बाजूला सरकली.