आजीच्या फोटोचा फ्रिज

दवाखान्याच्या फ्रिजमध्ये माल्टच्या चोवीस बाटल्या होत्या, पाण्याच्या पिशव्या एकोणीस आणि सिस्टर डुफीचा मक्याच्या केंकीचा डबा एक. लस शून्य. पदवी घेऊन दवाखान्यात रुजू झालेल्या पोकुआनं आत तीन थर्मामीटर ठेवले होते. वरच्या कप्प्यात चौदा अंश, मधल्यात नऊ, मागच्या भिंतीला लागून उणे दोन. लशीला दोन ते आठ लागतात.

दिसायला मात्र फ्रिज झकास होता. काचेचं दार, आत निळा दिवा, दारावर पोकुआच्या आजीचा हातभर फोटो आणि खाली सोनेरी अक्षरं: 'आईच्या स्मरणार्थ, बाफो न्यार्को, कुमासी.' बाफो म्हणजे पोकुआचे सख्खे मामा. चार महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या माणसानं आतल्या गोठलेल्या कुपी पाहिल्या आणि सगळी लस उचलून परत नेली. आता बायका लशीसाठी पोरं पाठीला बांधून चौदा किलोमीटर चालत जायच्या. निम्म्या जायच्याच नाहीत.

"आणि तुझे मामा आता दुसरा आणतायत," सिस्टर डुफी म्हणाली. "दोन दारांचा. आजीच्या वर्षदिनाला, मांडवात, लाउडस्पीकरवर नाव पुकारून."

"हा कोल्ड्रिंकच्या दुकानातला फ्रिज आहे, हे तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"दानात आलेल्या गाईचे दात मोजू नयेत, बाई."

"मी मोजणार," पोकुआ म्हणाली.

शनिवारी घरच्यांची बैठक बसली. मामा कुमासीहून शोकाचं काळं-लाल कापड खांद्यावर टाकून आले होते. भर बैठकीत थोरांशी थेट बोलायचं नसतं, बोलणं ओच्यामेच्या तोंडून जातं. ओच्यामे बोआडू काठी टेकून मध्ये बसला होता. पोकुआ त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "ओच्यामे, मामांना सांगा, त्यांच्या फ्रिजनं लस नासवली."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "बाफो, तुझी भाची म्हणते, तुझं दान इतकं गार की लशीलाही सोसवेना."

बैठक हसली. मामाही पोट हलवत हसले. पोकुआची कानशिलं तापली.

"मी असं म्हटलं नाही! त्यांना सांगा, दुसरा आणलात तर त्यातही माल्टच राहील."

"ती म्हणते, आल्यागेल्याची तहान तू भागवतोस."

"ओच्यामे!"

"पोरी, चाळीस वर्षं मी कडूचं गोड करतोय. आता हात आवरत नाही."

पोकुआ उठली आणि सरळ मामांकडे वळली. तिनं कागदावरचं चित्र पुढे धरलं. आपल्याच भिंतींत बर्फ साठवणारी लशीची पांढरी पेटी, वर झाकण. वीज गेली तरी दोन दिवस गार राहणारी.

"मामा, द्यायचंच तर हे द्या. दोन दारांचा फ्रिज, मांडव आणि बँड यांवर जेवढे सेडी उडवणार, तेवढ्यातच येतं."

"ही पेटी?" मामांनी चित्र लांब धरलं. "ही तर शवपेटी! आईचा फोटो कुठे लावू, झाकणावर? लोक विचारतील, न्यार्कोनं दवाखान्यात कोणाला झोपवलं! आणि मांडवाशिवाय आईचं वर्ष? मी काय भिकेला लागलोय?"

"आजीनं गोवरानं गेलेली दोन लेकरं पुरली. तुमच्या पाठची. म्हणून मी दवाखान्याला देतो, असं तुम्हीच दर मांडवात सांगता. त्या दोघांना काचेतून काय दिसलं असतं, मामा? माल्ट?"

कोणी हसलं नाही. मामा उठले. जाताना त्यांनी डावा हात तिच्या तोंडासमोर झटकला, कुत्र्याला हाकलावं तसा.

घरी आईनं तिला फुफू वाढला आणि पाठ फिरवली. माफी मागून ये म्हणून दोनदा निरोप आला. ती गेली नाही. कसली माफी? पोरं आजारी पडली तर ती कोण मागणार होतं?

वर्षदिनाला मांडव आला नाही, बँड आला नाही. घरच्यांनी अंगणात पूर्वजांसाठी दारू ओतली आणि जेवून उठले. न्यार्कोचं दिवाळं निघालं, असं गाव कुजबुजलं. मामांनी पोकुआकडे पाहिलंही नाही.

तीन आठवड्यांनी ट्रकमधून पांढरी पेटी उतरली. तिच्यावर फोटो नव्हता, नाव नव्हतं. शेजारी ओच्यामे बसून आला होता.

"मामा म्हणतात, भाचीच्या शिक्षणाचं चीज झालं."

"खरं काय म्हणाले?"

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणाले, ती उद्धट कार्टी माझ्या मयतीलाही नको. आणि म्हणाले, तिला सांग, वीज गेल्यावर हे खोकं किती टिकतं ते कळव. नाही टिकलं तर मी भर बैठकीत तुझी पदवी जाळीन."

"हे गोड करून सांगितलंत?"

"नाही. गोड केलेलं तू ऐकणारी नाहीस."

जिल्ह्याहून लस परत आली. पोकुआनं पेटीत तीन थर्मामीटर ठेवले. पुढच्या गुरुवारी वादळात तारा तुटल्या आणि दुपारी वीज गेली. ती शनिवारी सकाळी आली. पोकुआनं झाकण उघडलं, आकडे वाचले आणि ओच्यामेला मध्ये न घालता मामांच्या फोनवर धाडले:

'एक्केचाळीस तास. वर साडेपाच अंश, मध्ये पाच, तळाला चार. कुपी एकशे साठ. गोठलेली एकही नाही.'